बुडालेला कापूस

१

शनिवारी दुपारी दीडच्या सुमारास धरणगावच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यात झुलाल नावाचा कामगार फिल्टरच्या खोलीत मरून पडलेला सापडला. अंगावर ओरखडा नाही, तोंडाला फेस नाही, चेहऱ्यावर भीती नाही. मंगळवारी सकाळी मी धुळ्याहून एस.टी.ने पोहोचलो, तोवर खुनी पकडून झाला होता, गावाचं त्यावर एकमत झालं होतं आणि माझ्यासाठी फक्त एक सही उरली होती.

मी पोलीस नव्हे. वामन खैरनार, सरकारचा कारखाना-निरीक्षक. कारखान्यात माणूस दगावला की तो कामामुळे दगावला की आणखी कशाने, हे मी लिहून द्यायचं असतं. १९५९ सालचा मार्च होता, होळी तोंडावर आली होती आणि एरंडोलच्या रस्त्याने माझी कंबर मोडून काढली होती.

"अपघात नाही, एवढं लिहा आणि सही करा," फौजदार म्हणाले. "संध्याकाळच्या गाडीने परत जाल."

घाईने सही मागणारा माणूस मला आवडत नाही. माझ्या बायकोच्या मते मला कुठलाच माणूस आवडत नाही, पण ती बाब वेगळी.

"अपघात नाही, कशावरून?"

"विष आहे. नूर महंमद पिंजाऱ्याने दिलं."

त्यांनी सांगितलं ते असं. नूर महंमद हा त्या खोलीतला जुना माणूस. नऊ वर्षं फिल्टर तोच साफ करत आला. पण रमजान लागला की तोंडात कापसाची भुकटी जाते आणि चूळ भरता येत नाही, म्हणून त्या महिन्यात तो सकाळी पटांगणात गोण्या शिवतो आणि दुपारी घरी जातो. फिल्टरचं काम तेवढे दिवस झुलालकडे. झुलालची बायको भागाबाई माहेरी भडगावला गेलेली. शनिवारी बारा वाजता नूर महंमदने घरून आणलेला डबा झुलालला दिला आणि तो निघून गेला. झुलाल जेवला, एक वाजता खोलीत शिरला आणि अर्ध्या तासात मेला.

"रोजा धरणारा माणूस डबा आणतोच कशाला?" फौजदारांनी टेबलावर बोट आपटलं. "दुसऱ्याला खायला घालायलाच ना? शिवाय आधीच्या सोमवारी दोघांचं भांडण झालं होतं. नूर महंमद म्हणाला, एक दिवस पस्तावशील. गेटवरच्या जीवरामने स्वतः ऐकलं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"काहीच सापडलं नाही. आतडी मुंबईला पाठवलीत. उत्तर यायला तीन-चार महिने लागतील. तोवर हा जळगावच्या तुरुंगात. उद्या सकाळी दहाला नेतोय. तुमची सही जोडली की कलम पक्कं."

म्हणजे माझ्या एका ओळीवर त्या माणसाचा गळा अडकला होता.

"सही उद्या सकाळी देतो," मी म्हणालो आणि फौजदारांचं तोंड आंबट झालं.

२

कारखान्याच्या तिन्ही बाजूंना जिनिंगच्या गिरण्या. हंगाम संपत आला होता तरी सरकीपासून सुटलेल्या कापसाचे तंतू हवेत नुसते तरंगत होते. पाच मिनिटांत माझ्या काळ्या कोटाचा रंग गेला.

नायट्रोजनच्या यंत्राचा प्रमुख लीलाधर चौधरी मला सगळं दाखवायला आला. फैजपूरकडचा, केळीच्या बागायतदाराचा मुलगा. वय अठ्ठावीस, गावातला पहिला बी.एस्सी. बोलणं स्वच्छ, कपडे स्वच्छ, डोळे मात्र दोन-तीन रात्री न झोपल्यासारखे.

"हे यंत्र बाहेरची हवा ओढतं," तो म्हणाला. "काँप्रेसर ती दाबतो, मग ती इतकी गार करतात की ती पाण्यासारखी पातळ होते. त्यातून नायट्रोजन वेगळा काढून या टाकीत दाबून भरतो. तुपाच्या टाक्यांत वरून हाच सोडला की तूप खवट होत नाही. निरुपद्रवी वायू, साहेब. आपण श्वास घेतो त्यात पाचांतले चार भाग हाच असतो."

"आणि फिल्टर?"

"हवेत हा कापूस. तो आत गेला तर यंत्राचा घसा बसतो. म्हणून हवा आधी फिल्टरच्या खोलीतून येते."

खोली काँप्रेसरच्या भिंतीला चिकटून होती. सहा फूट बाय आठ फूट, गोठ्यातल्या गव्हाणीपेक्षा थोडी मोठी. बाहेरच्या भिंतीत बारा चौकटी बसवायची खाच आणि तिच्यावर लाकडी झडप. चौकटींना जाड फलालीनचं कापड ताणलेलं. दर शनिवारी काँप्रेसर बंद करायचा, बाहेरून कापूस येऊ नये म्हणून झडप लावून घ्यायची, चौकटी काढायच्या, टेबलावर ठेवून साफ करायच्या आणि परत बसवायच्या.

शनिवारपासून खोलीला कुणी हात लावला नव्हता. नऊ चौकटी साफ होऊन भिंतीला उभ्या, तीन मळक्या. दाराशी ओलसर गोणपाटाचा बोळा पडलेला.

"हे कशाला?"

"दाराच्या फटी बुजवायला. ही नूर महंमदची रीत. दार लावायचं, फटीत ओलं गोणपाट कोंबायचं, फरशीवर पाणी शिंपडायचं. म्हणजे बाहेरचा कापूस आत येत नाही आणि आतला उडत नाही. झुलाल त्याच्याच हाताखाली शिकला."

टेबलावर कंदील होता. मी उचलला. तेल काठोकाठ भरलेलं, वात बोटभर वर, काच काळी.

"हा कुणी विझवला?"

"दार उघडल्यावर वाऱ्याने विझला असेल."

मी टेबलासमोरची भिंत पाहिली. टेबलाच्या उंचीवर तिच्यावर कापसाचा थर बसला होता, हाताने थापल्यासारखा घट्ट. बाकीच्या तिन्ही भिंती जवळपास मोकळ्या. मी चौकटीचं कापड नखाने खरवडून पाहिलं. पार आतपर्यंत स्वच्छ होतं.

"काँप्रेसरखेरीज आणखी कुठला पाइप या खोलीत येतो?"

"एकही नाही, साहेब. पाहा ना."

मी पाहिलं. खरंच एकही नव्हता. मला एक शंका आली होती, ती तिथेच अडली.

बाहेर आलो तर लुगड्याचा पदर कपाळापर्यंत ओढलेली एक बाई भिंतीला धरून उभी होती. शेजारी तिचा भाऊ. ती भागाबाई. नवरा जाऊन चार दिवस झालेली बाई दहावा होईपर्यंत उंबरा ओलांडत नाही, पण ती आली होती.

"साहेब, तुम्ही सही करत नही, आसं आयकं," ती म्हणाली. "मना घरधनी धडधाकट व्हता. त्या घरनी भाकर खादी अन् गया. नूरले सोडू नका."

"तुम्ही नूरला ओळखता?"

"नऊ वरीस व्हयनात. माले वहिनी म्हने तो." तिने पदर आणखी पुढे ओढला. "म्हनीसनच जास्त लागस."

मी गेटकडे निघालो.

३

जीवराम गेटवरचा रखवालदार. शनिवारी दार उघडलं ते त्याने. फौजदारांनी त्याची अर्धीच जबानी लिहून घेतली होती, आणि त्याचा जीवरामला फार राग होता.

"मनी कोनी आयकतच नही," तो म्हणाला. "इख नही, बिख नही. नाग व्हता."

"पाहिलास?"

"शेठनी माले सांगं, झुलालले दख, किती राह्यनं ते. मी दार लोटं. आतमा फूऽस आवाज! अन् थंडगार वारा आंगवर उना. मार्च महिनामा, साहेब! झुलाल टेबलखाले पडेल. मी त्याले पाय धरीसन वढा, तर माले बी चक्कर उनी. नागना फुत्कारना इख चढना."

"पुढे?"

"मी आरोळी मारी. शेठ उना, लीलाधरभाऊ उना. झुलालले निंबखाले निजाडं. मंग मी काठी लिसन परत खोलीमा गऊ. आवाज बंद पडेल व्हता. पन मी सोता दखं, काळी शेपटी, मनगटाएवढी, भितना भोकमा सरकी गयी. मी भोकवर काठी मारी. मंग गाव गोळा व्हयनं, सांजलोंग बाहेरनी भुई धोपटी. नाग सापडना नही."

फौजदार हसले होते, कारण प्रेताला दंश नव्हता. मला हसू आलं नाही. माणूस चुकीचं नाव देतो, पण पाहिलेलं सहसा चुकत नाही.

"शेपटी भोकात गेली तेव्हा कोण कुठे होतं?"

जीवरामने डोकं खाजवलं. "शेठ निंबखाले, झुलालनं डोकं मांडीवर लिसन. दवाखाना, टांगा, आसं वरडत व्हता. लीलाधरभाऊ दवानी पेटी आनाले पयना. लवकर उनाच नही. शेठनी दोनदा हाक मारी."

मालक रतिलाल शेठला मी त्याच्या पेढीवर गाठलं. गोरा, गोल, बोलायला गोड माणूस.

"साहेब, झुलालचं डोकं माझ्या मांडीवर होतं," तो म्हणाला. डोळे खरंच भरून आले. मग लगेच म्हणाला, "पण एक सांगतो. दर शनिवारी फिल्टरसाठी चार-चार तास कारखाना बंद. नूर महंमद कापूस पिंजायची ती धनुकली घेऊन ट्यँव ट्यँव करत बसणार. मी लीलाधरला म्हटलं, तू बी.एस्सी., काहीतरी अक्कल चालव. हे काम अर्ध्या तासात झालं पाहिजे."

"आणि झालं?"

"त्याच्या आदल्या शनिवारी झालं ना! झुलाल भारी हुशार निघाला. पण सोमवारी फिल्टर परत मळके. मी त्याला झापलं. म्हटलं, दार उघडं ठेवून काम करतोस, बाहेरचा कापूस चिकटतो. नूर महंमद लावायचा तसं दार लाव."

तो सहज बोलून गेला. मी परत फिल्टरच्या खोलीत आलो आणि जीवरामचं भोक शोधलं. भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, कुठला तरी जुना पाइप काढलेलं भोक. तोंडाशी काठीचा ओरखडा. आणि आत, पार आत ढकललेला पांढराशुभ्र कापसाचा बोळा. मी तो छत्रीच्या टोकाने ओढून काढला, रुमालात बांधला आणि पोलीस ठाण्याकडे निघालो.

कापसाच्या गावात कापसाने भोक बुजवलं, यात काय विशेष? मलाही तेव्हा ते कळलं नव्हतं.

४

नूर महंमद कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. पन्नाशीचा, सडपातळ, ओठ कोरडे पडलेले. पुढ्यात पाण्याचा लोटा भरलेला तसाच. कोठडीतही त्याने रोजा सोडला नव्हता.

"डबा का दिलास?" मी विचारलं.

"भागावहिनी माहेरी गेलेली, साहेब. झुलालला चहा करता येत नाय, भाकर काय करणार? रहिमाबी रोज पहाटे दोन भाकरी त्याच्यासाठी थापायची. आमचा रोजा, त्याचा थोडाच?" तो थांबला. "तिला आता गल्लीत कुणी हळद बी मागत नाय. माझं मरू द्या. तिच्या हाताला विष लागलंय म्हणतात लोक."

"सोमवारी भांडण कशावरून झालं?"

"मी फिल्टर बघितलं. वरून मळकं, पन कापड पार आतून साफ, लव गेलेली. आपन फलालीनची लव राखतो साहेब, तीच कापूस धरते. धनुकलीची तांत हळू वाजवायची, तंतू आपोआप वर येतात. एका चौकटीला वीस मिंटं लागतात. यानं बारा चौकटी अर्ध्या तासात केल्या. मी विचारलं, कशानं केल्यास? सांगेना. म्हने, सांगू नको असं सांगितलंय. मी म्हटलं, मला न इचारता काम बिघडवतोस, एक दिवस पस्तावशील." त्याने डोळे मिटले. "जीभ झडली असती तर बरं."

मी रुमाल सोडला आणि कापसाचा बोळा त्याच्या हातात दिला. कुठला, ते सांगितलं नाही. त्याने तो बघितलासुद्धा नाही. अंगठ्याने नुसता दाबला, बोटांनी ओढला, कानाशी नेऊन थोडा फाडला. नऊ वर्षं कारखान्यात काढली तरी बोटं पिंजाऱ्याचीच होती.

"ही आपल्या गावची रुई नाय."

"म्हणजे?"

"जिनातली रुई अशी कोरडी नसते. तिला तिचं तेल असतं. ही धुतलेली आहे, सोडा घालून उकळलेली." त्याने पाण्याचा लोटा पुढे ओढला. आधी आपल्या बंडीला चिकटलेला गिरणीचा पुंजका काढून पाण्यावर टाकला. तो तरंगत राहिला. मग बोळ्यातला चिमूटभर कापूस टाकला. क्षणभर तो वर राहिला, मग पाणी पिऊन सरळ तळाला गेला.

"दवाखान्यातला कापूस," नूर महंमद म्हणाला. "जखमेचं रगत प्यायला करतात तो. हा कुठं मिळाला साहेब?"

मी बोळा परत रुमालात बांधला. या गावात कापूस कुणी विकत घेत नाही. हात लांब केला की मूठभर मिळतो. मग पुडीतला कापूस भोकात कोंबणारा कोण? ज्याच्या हातात त्या घटकेला तोच होता, तो.

"नूरभाई, एक सांग. काँप्रेसर चालू असताना चौकटी काढता येतात का?"

"छे! मग फिल्टरशिवाय कापूस आत जाईल की. यंत्र बंद असल्याबिगर चौकटीला हात लावायचा नाय. पयला नियम तो."

मी लोट्याच्या तळाकडे पाहत राहिलो. अडलेली शंका मोकळी झाली होती. फौजदारांना सांगितलं, "उद्या दहाला याला जळगावला न्याल, तेव्हा गाडी कारखान्यावरून घ्या."

"कशाला?"

"नाग दाखवतो," मी म्हणालो.

५

सकाळी दहा वाजता खोलीसमोर आम्ही सहा जण होतो. फौजदार, बेडी घातलेला नूर महंमद, रतिलाल शेठ, लीलाधर, जीवराम आणि मी. काँप्रेसर बंद ठेवायला लावला होता. भांडारातून सगळ्यांत लांब काळी रबरी नळी मागवून ठेवली होती.

"जीवराम, तू आत जा आणि भोकाकडे बघ," मी म्हणालो. मी खोलीमागे गेलो, नळीचं टोक भोकातून आत सारलं आणि सावकाश ओढून घेतलं.

आतून आरोळी आली. "होच! होच तो नाग!"

मग तो बाहेर आला, माझ्या हातातली नळी पाहिली आणि हातातली काठी खाली टाकली.

"आता ऐका," मी म्हणालो. "झुलालने अर्ध्या तासात नऊ चौकटी साफ केल्या. धनुकलीने तीन तास लागतात. समोरच्या भिंतीवर कापूस थापल्यासारखा बसलाय, म्हणजे जोराच्या झोताने उडवलाय. झोत कसला? काँप्रेसरची हवा नव्हे, कारण चौकटी काढायच्या तर काँप्रेसर आधी बंद करावा लागतो. मग यंत्र बंद असताना या कारखान्यात दाबून भरलेलं काय उरतं?"

 सगळे टाकीकडे बघायला लागले.

मी पेटता कंदील टेबलावर ठेवला, झडप लावली, दार लावून फटीत ओलं गोणपाट कोंबलं. नळीचं एक टोक भोकातून आत, दुसरं टाकीच्या तोटीला. तोटी सोडली. आत फूस असा आवाज सुरू झाला. झडपेच्या चिरेतून फौजदारांना पाहायला सांगितलं.

"ज्योत पिवळी पडली," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "बारीक झाली." मग त्यांनी झडपेवरून डोळा काढला. "विझली. तेल तर भरपूर आहे."

"नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. विष तर तो नाहीच. फक्त खोलीतली खरी हवा हुसकून लावतो. आधी कंदील विझतो. अंधारात माणसाला वाटतं, वात पेटवावी, आणि तेवढ्यात गुडघे वाकतात. खोकला नाही, घुसमट नाही. मुंबईला पाठवलेल्या आतड्यांत शंभर वर्षांनी पण काही सापडणार नाही."

"पण नळी काढली कुणी?" फौजदारांनी विचारलं.

"जीवराम खोलीत होता, त्याने ती जाताना पाहिली. शेठच्या मांडीवर झुलालचं डोकं होतं. नूर महंमद घरी होता. एकच माणूस औषधाची पेटी आणायला गेला आणि दोन हाकांना आला नाही. त्याने वाटेत तोटी बंद केली, मागून नळी ओढली आणि भोक बुजवायला हातात होतं ते वापरलं. दवाखान्याचा कापूस. लीलाधर, पेटीची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे," तो म्हणाला. "पण साहेब, कापसावरून कुणी... नायट्रोजन निरुपद्रवी आहे. मी स्वतः आदल्या शनिवारी आत उभा होतो. काही झालं नाही."

"तेव्हा दार उघडं होतं."

"निरुपद्रवी आहे," तो पुन्हा म्हणाला. आवाज उतरला होता.

"ठीक. तोटी अजून चालू आहे. आत जा, दार लावून घ्या आणि टेबलावरचा कंदील पेटवून आणा."

लीलाधर दारापर्यंत गेला. कडीला हात लावला. तसाच उभा राहिला, आणि मग उभ्या उभ्या रडायला लागला. मी तोटी बंद केली.

"पुस्तकात होतं, साहेब," तो म्हणाला. "मी पेपरात लिहून मार्क मिळवले होते. पण रोज तोच श्वास घेतो म्हटल्यावर... नूरभाईला समजलं तर त्याचं काम गेलं असं वाटेल, म्हणून झुलालला कुणाला सांगू नको म्हटलं. दार लावल्याचं मला माहीत नव्हतं. त्याला पाहिलं आणि कळलं. अख्ख्या फैजपूरला माझ्या बी.एस्सी.चे पेढे वाटलेत. बी.एस्सी. झालेल्याने हवा समजून माणूस मारला, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

मला त्याची कीव आली नाही. चूक कुणाच्याही हातून होते, माझ्याही झाल्या आहेत. पण चार दिवस हा मुलगा तोंड मिटून बसला आणि दुसऱ्याला फासाच्या वाटेवर चालू दिलं, त्याचा मला संताप आला. तसं मी त्याला तोंडावर सांगितलं. अर्ध्या तासात काम हवं असलेल्या आणि दार लावायला लावणाऱ्या शेठचं नावही अहवालात येईल, हे त्याच दमात सांगून टाकलं. शेठचा गोडवा जागीच आटला.

फौजदारांनी स्वतःच्या हाताने बेडी काढली. नूर महंमद मनगट चोळत राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "दार लावायचं, गोणपाट कोंबायचं, हे मी शिकवलं होतं त्याला."

"तू धनुकलीसाठी शिकवलंस. नऊ वर्षं त्याच रीतीने तू जिवंत राहिलास."

"व्हय," तो म्हणाला. पण त्याचं समाधान झालं नव्हतं, ते दिसत होतं.

६

भागाबाईला मीच जाऊन सांगितलं. ती ओट्यावर बसून ऐकत होती. सगळं सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"त्याले तरास व्हयना का?"

"नाही. कळलंसुद्धा नसेल."

 मग ती म्हणाली, "मी नूरनी बायकोले सारा गावमा इख घालनारी म्हनं." ती उठून आत गेली. भावाने मला हात जोडले आणि मी निघालो.

नूर महंमदला घरी सोडायला मी त्याच्या गल्लीपर्यंत गेलो. ठाण्याचे कागद होईतो दिवस कलला होता. त्याला येताना पाहून दोन-तीन दारं उघडली, पण पुढे कुणी आलं नाही. सुटका झाली हे कागदावर आलं होतं, गल्लीच्या गळी उतरलं नव्हतं. शेजारच्या बायका आपली पोरं मागे ओढून उभ्या होत्या. रहिमाबी दारात आली, नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाजूला झाली. तो आत गेला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भागाबाई दिसली. भाऊ मागून "अक्का, फिर माघारी" म्हणत येत होता. ती थेट रहिमाबीच्या दाराशी येऊन उभी राहिली. 

"आता काय राहिलं?" रहिमाबी म्हणाली. आवाजात माया नव्हती, आणि असायचं काही कारणही नव्हतं.

"माले भूक लागनी," भागाबाई म्हणाली. "जेवाले वाढ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दहावा व्हायचा होता. सुतकातली बाई सोयऱ्यांच्या घरीसुद्धा जेवत नाही, मग मुसलमानाच्या घरी कुठून? तिच्या भावाने डोक्याला हात लावला.

रहिमाबीने आतल्या चुलीकडे बोट केलं. "चूल थंड आहे," ती म्हणाली. "रोजा आहे. दिवस मावळेपर्यंत घरात काही शिजत नाय."

"मी बठस."

आणि ती उंबऱ्यावर बसली, गल्लीकडे तोंड करून, सगळ्यांना दिसेल अशी. तास गेला. बायका आल्या, पाहून गेल्या, आणखी दोघींना घेऊन परत आल्या. भागाबाई कुणाशी बोलली नाही, पदरही पुढे ओढला नाही. माझी गाडी केव्हाच निघून गेली होती. मी समोरच्या ओट्यावर बसून होतो.

ऊन उतरलं तसा आत भांड्यांचा आवाज झाला. रहिमाबी बाहेर आली. पाट्यावरचं तिखट, मिठाची वाटी, परात, पिठाचा डबा असं एकेक आणून तिने उंबऱ्यावर, भागाबाईच्या पुढ्यात मांडलं. कशात काय पडतंय ते तिला आणि सगळ्या गल्लीला दिसावं म्हणून. मग परातीत पीठ ओतायला तिने डबा उचलला.

भागाबाईने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि परात आतल्या बाजूला सरकवली.

"घरमा लई जाय हाई बठ्ठं," ती म्हणाली. "मी जेवाले उनू. दखाले नही उनू."